उन्हाळ्यात मधपेटी उघडायची कधी, आणि बघायचं काय?

ओसरीवरची

परसात सातेरीच्या (पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या) दोन पेट्या आहेत. हिवाळ्याच्या तोंडाशी आणल्या, त्यामुळे त्यांच्यासोबतचा हा पहिलाच उन्हाळा. सोबत मिळालेल्या पुस्तिकेत "दर आठवड्याला पेटी उघडून सर्व फ्रेम (पोळं बांधलेल्या, काढता येणाऱ्या चौकटी) तपासाव्यात" असं ठाम लिहिलंय. ज्यांनी वसाहती दिल्या ते मात्र म्हणतात, "उन्हाळ्यात हात लावू नका, उठून जातील." दोघांचंही खरं कसं असेल?

दुपारी ऊन मरणाचं आहे. संध्याकाळ झाली की डाव्या पेटीच्या दारावर, फळीवर आणि खाली तळपाटाला माश्यांचा हा मोठा घोस लटकलेला असतो. अंधार पडला तरी आत जात नाहीत. उजव्या पेटीबाहेर असलं काही नाही, ती बापडी शांत असते. डावीतल्या माश्या पळायच्या तयारीत आहेत का? उघडून बघू का? आणि उघडलीच तर नक्की काय बघायचं असतं? राणी शोधत बसले तर अर्धा तास सहज जाईल.

मुंगळा

वाचनखूण साठवली. पेटी नाही, पण घ्यायची हौस अधूनमधून उसळी मारते. चालू द्या.

माळरान

काळजी करायचीच असेल तर उजव्या पेटीची करा.

डावीकडे आत गर्दी भरपूर आहे आणि उकडतंय, एवढाच त्या घोसाचा अर्थ. पिलावा (अंडी, अळ्या, कोष) असतो त्या भागात माश्यांना ३४-३५ अंश तापमान सांभाळावं लागतं. बाहेर चाळिशी गाठली की आतल्या हजारो अंगांची ऊब नकोशी होते. मग ज्यांना आत काम नाही त्या बाहेर येऊन बसतात आणि पोळ्यांमधून हवा खेळायला जागा होते. उत्तररात्री गारवा आला की आत जातात. निघून जायच्या बेतातली वसाहत सहसा उलटी दिसते: ये-जा मंदावलेली, पराग आणणाऱ्या माश्या जवळजवळ नाहीत, दारात गडबड नाही. म्हणजे तुमच्या "बापड्या शांत" पेटीसारखी.

उघडायच्या आधी बाहेरून वाचा. सकाळी कोवळं ऊन असताना पेटीच्या बाजूला बसा, दारासमोर नको, त्यांची वाट अडते. बघा की पायांना परागाचे गोळे लावून किती माश्या येतायत. पराग हा अळ्यांचा खुराक. तो नियमित येतोय म्हणजे आत पिलावा आहे असं धरून चालायला हरकत नाही. मग फळीवर आणि पेटीखाली काय पडलंय ते बघा. मेणाचा भुसा आहे का, पांढऱ्या मेलेल्या अळ्या आहेत का, दारात माश्या एकमेकींना धरून लोळतायत का? केस झडलेल्या, काळपट चकचकीत माश्या दार सोडून फटीफटींत नाक खुपसत असतील तर लुटारू (मध चोरायला आलेल्या दुसऱ्या वसाहतीच्या माश्या) आलेत असं समजा.

एवढं बघून इथे लिहा. मग उघडायचं का ते ठरवू.

पाना_पक्कड

उकडतंय ना, मग झाकणाखाली चारी कोपऱ्यांत एकेक काडी ठेवून द्या. गरम हवा वरून निघून जाईल. साधं भौतिकशास्त्र आहे. मी तर संगणकातला जुना छोटा पंखा सौरपट्टीवर चालवून झाकणात बसवायच्या विचारात आहे. आत तापमापक आणि वजनकाटाही लावणार. पेटी न उघडता सगळं मोबाइलवर!

गुंजन_अ

@पाना_पक्कड, वजनकाट्याला माझा मनापासून पाठिंबा. पंख्याला नाही.

माश्यांची हवा खेळवण्याची स्वतःची पद्धत आहे आणि ती दाराभोवती बेतलेली आहे. पंख मारणाऱ्या माश्या दारात ओळीने उभ्या राहतात. मेलिफेरा (मूळची युरोपाकडची मधमाशी) दाराकडे तोंड करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी बाहेर तोंड करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. सातेरीच्या पेटीसमोर बसलात तर हे साध्या डोळ्यांनी दिसेल. वर चार फटी पाडल्या की ही व्यवस्था बिघडू शकते. शिवाय त्या फटींतून मुंग्या येतात, मेणपतंग येतो (त्याच्या अळ्या, म्हणजे मेणकिडा, पोळं खातात), लुटारू येतात, आणि एका दारावर राखण करणाऱ्या माश्यांना पाच दारं राखावी लागतात.

खरं काम पाणी करतं. काही माश्या पाणी आणतात, आतल्या माश्या त्याचे बारीक थेंब पेशींच्या (पोळ्यातल्या कप्प्यांच्या) कडांवर पसरतात आणि पंखांच्या वाऱ्याने ते उडून जातं. बाष्पीभवनाने गारवा. मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकांनी १९५० च्या दशकात यावर फार सुंदर काम केलं आहे. त्यांनी इटलीत एक पेटी लाव्हाच्या तापलेल्या खडकाळ जमिनीवर ठेवली. भोवताली ६० अंशांच्या आसपास तापमान असताना, पाणी मिळत होतं तोवर माश्यांनी आत ३५ च्या आसपास राखलं. पाणी हवंय हे पाणी आणणारीला कळतं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. आतल्या माश्या तिचं ओझं चटकन उतरवून घेत असतील तर तिने आणखी आणायचं; कोणी दाद देत नसेल तर पुरे.

तेव्हा पेट्यांजवळ पाणी हवं, आणि ते कधीच आटता कामा नये. उथळ भांडं, त्यात खडे किंवा गवताची तरंगती पेंढी, म्हणजे माश्या बुडत नाहीत. एकदा जागेची सवय लागली की त्या तिथेच येतात, म्हणून उन्हाळा तापायच्या आधीच ठेवलेलं बरं. अजून ठेवलं नसेल तर आजच ठेवा, पण अगदी दारासमोर नको, थोडं बाजूला.

माळरान

झाकणाखाली काडीचं गुंजनताई म्हणतात तेच. वर छोटं जाळीचं भोक असलेली झाकणं मिळतात, ती वेगळी. त्यातून मुंगीही मोठ्या मुश्किलीने जाते. पण सावलीसारखा दुसरा उपाय नाही. दुपारी बारा ते चार पेटीवर थेट ऊन नको. सकाळचं ऊन हवं, त्याने माश्या कामाला लवकर निघतात. झाड नसेल तर पेटीच्या वर वीतभर अंतर सोडून छप्पर करा. अंतर महत्त्वाचं. झाकणावर थेट पत्रा टाकला तर तो तापून खालीच उष्णता सोडतो. छपरावर ओलं गोणपाट टाकलंत तर उत्तम, पण ते दारावर लोंबू देऊ नका.

पाना_पक्कड, तुमचा तापमापक पिलाव्याच्या मधोमध बसला तरच उपयोगाचा. झाकणाखाली लावलात तर फक्त छपराचा ताप मोजाल.

पाना_पक्कड

बरं बाबा, पंखा रद्द. वजनकाटा राहू दे.

दूरदेशी

मी राहतो तिथे हिवाळा लांबलचक आणि जून-जुलै म्हणजे मधाचा भर हंगाम. मेलिफेराच्या पेट्या आहेत. आम्ही मे ते जुलै दर आठवड्याला न चुकता उघडतो. "उन्हाळ्यात उघडू नका" हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे उन्हाळ्यात नाही उघडली तर निम्म्या माश्या शेजाऱ्याच्या धुराड्यावर सापडतात.

गुंजन_अ

दूरदेशींनी नेमका धागा पकडला. ओसरीवरची यांच्या पुस्तिकेतला "दर आठवडा" तिथूनच आलेला आहे.

गणित असं. राणी अंड्यातून सोळाव्या दिवशी बाहेर येते, पण तिचं घर आठव्या दिवसाच्या सुमारास मेणाने बंद होतं. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबतं ते राणीघर. वसाहत फुटायची असेल तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन साधारण ही घरं बंद होण्याच्या सुमारास निघते. म्हणून सात दिवसांच्या आत एकदा बघितलं तर घर बंद व्हायच्या आधीच ते नजरेस पडतं. सात हा आकडा एवढ्यासाठी आहे. फुलोरा भरात, मकरंद भरपूर, माश्या वाढतायत, अशा वेळी तो बरोबर. मग तो महिना कुठलाही असो.

फुलं संपून रखरखाट झालेल्या उन्हाळ्यात वसाहत फुटायच्या मनःस्थितीत नसते. तिथे दर आठवड्याला सगळ्या फ्रेम उपसण्याने कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उलट राखलेलं तापमान जातं, ओलावा जातो, मधाचा वास बाहेर पसरतो आणि लुटारूंना आमंत्रण मिळतं. पेटीचं वेळापत्रक कॅलेंडरवर ठरवू नका, बाहेर फुलं आहेत की नाहीत त्यावर ठरवा.

दूरदेशी

पटलं. आमच्याकडेही जुलैअखेर फुलं आटली की आम्ही उघडणं कमी करतो आणि दारं लहान करतो. फक्त तोवर व्हरोआ (माश्यांच्या अंगावर आणि पिलाव्यावर जगणारा बारीक गोचीड) मोजायचा असतो. साधारण तीनशे माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवायच्या, गळणारे गोचीड मोजायचे. शंभर माश्यांमागे तीनच्या वर गेले की उपचार. तेही तापमान बघून. फॉर्मिक ॲसिड कडक उन्हात वापरलं तर राणी आणि पिलावा दोन्ही धोक्यात येतात.

माळरान

सातेरीत एवढी मोजणी लागत नाही. व्हरोआ मूळचा सातेरीवरचाच. त्या एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकतात आणि त्याची वाढ फक्त नरांच्या पेशींत होते. मेलिफेराला ही सवय फारशी नाही, म्हणून तिकडे हाहाकार. सातेरीला उन्हाळ्यात तीनच गोष्टींचं भय: उपासमार, मेणकिडा आणि माणसाची लुडबुड. तिसरीला औषध नाही.

ओसरीवरची

सगळ्यांना धन्यवाद. पाणी ठेवलं, छप्पर केलं. सकाळी दोन्ही पेट्यांसमोर (म्हणजे बाजूला!) बसून पाहिलं.

डावी: पराग भरपूर येतोय, पिवळा आणि थोडा पांढुरका. दारात चार-पाच माश्या बाहेर तोंड करून पंख मारतायत. गुंजनताई, हे बघायला फार मजा आली.

उजवी: माश्या ये-जा करतात, पण रेंगाळत. पराग आणणारी क्वचित एखादी. पेटीखाली मेणाचा भुसा आणि काळे दाण्यासारखे बारीक कण. मेलेल्या अळ्या नाहीत, भांडणं नाहीत.

आता?

माळरान

आता उजवी उघडायला कारण मिळालं. डावीला हात लावू नका.

उजवी उद्या सकाळी उघडा. माश्या बाहेर पडायला लागल्यात, ऊन चढलेलं नाही, वारा नाही, अशी वेळ. दुपारी किंवा वारा असताना अजिबात नाही. उघडण्याआधी मनाशी तीन प्रश्न धरा: खायला आहे का, अंडी आहेत का, मेणकिडा कुठवर पोहोचलाय. उत्तरं मिळाली की बंद. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

धूर कमी. दारात दोन फुंकरी, मिनिटभर थांबायचं, झाकण उचलताना वरून एक. धुराने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे माश्यांच्या धोक्याच्या गंधावर पडदा पडतो. दुसरी, त्या मध पोटात भरून घ्यायला धावतात आणि त्या नादात शांत होतात. आत मधच नसेल तर दुसरं घडत नाही. म्हणून उपाशी वसाहत धुराला दाद देत नाही आणि माणूस आणखी धूर मारत सुटतो. तसं करू नका. धूर गार हवा, हातावर घेऊन बघा. कोरडा पालापाचोळा, गोणपाट चालेल. ठिणग्या उडत असतील तर वर ओला पाला घाला. आणि उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं, धूर द्यायचा डबा भुईवर टेकवून विसरायचं नाही.

कडेची फ्रेम आधी काढा. ती सहसा रिकामी किंवा मधाची असते, म्हणजे राणी चिरडायचा धोका कमी. ती बाजूला ठेवली की इतरांना सरकायला जागा होते. फ्रेम कायम पेटीच्या वरच धरा, राणी पडली तर आत पडेल. आणि उभी धरा. उलट बाजू बघायची तर वरची पट्टी उभी करून, भोवती फिरवून बघा. पराठा उलटल्यासारखी आडवी करू नका. मेण वितळतं ६२-६४ अंशांना, पण चाळिशीतच ते एवढं मऊ पडतं की कोवळं, मधाने जड झालेलं पोळं फ्रेममधून अख्खं सुटून हातात येतं.

गुंजन_अ

राणी शोधू नका हे मीही सांगते. अंडी शोधा. अंडं तीन दिवस अंडं असतं. पहिल्या दिवशी पेशीच्या तळाला उभं, तिसऱ्या दिवशीपर्यंत आडवं. म्हणजे उभं अंडं दिसलं तर राणी कालपरवा इथून गेली आहे. तिला प्रत्यक्ष भेटायची गरज नाही. सूर्याकडे पाठ करा आणि खांद्यावरून ऊन पेशीच्या तळाशी पडू द्या, तेव्हाच अंडी दिसतात. पण तशीच धरून ठेवू नका. थेट उन्हात कोवळ्या अळ्या आणि अंडी लवकर सुकतात. बाहेर काढलेल्या फ्रेमवर आणि उघड्या पेटीवर ओलसर पिळलेलं फडकं टाकत जा.

एका पेशीत एक अंडं, तळाच्या मधोमध: ठीक. दोन-तीन-चार अंडी, भिंतींना चिकटलेली, आणि कामकऱ्यांच्या पेशींवर फुगीर टोपणं: राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालायला लागल्यात. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास घाबरवते. सातेरीत नरांच्या बंद पेशीच्या टोपणाला बरोबर मध्ये बारीक भोक असतं. तो रोग नव्हे, ती सातेरीची रीतच आहे. रोगाची खूण वेगळी: अळी पेशीत लांब ताठ पडलेली, डोकं टोकदार वर आलेलं, चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीगत लोंबते. असं दिसलं तर त्या पेटीची फ्रेम किंवा अवजार दुसरीकडे नेऊ नका आणि जाणकाराला दाखवा.

मुंगळा

मधेच एक व्यावहारिक प्रश्न. परसात मुलं खेळतात. डंख बसला तर?

माळरान

काटा ताबडतोब काढा. नखाने खरवडून की चिमटीने, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. काटा अंगात राहील तितकं विष जात राहतं. मग ती जागा धुवा किंवा तिथे थोडा धूर द्या. डंखासोबत पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना "इथे मारा" सांगत असतो. सूज आणि खाज हे नेहमीचं. पण श्वास लागणं, चेहरा-ओठ-घसा सुजणं, अंगभर गांध्या, चक्कर, यातलं काही झालं तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालय गाठा. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळतं, तेच कामाचं. ज्याला आधी असा त्रास झालाय त्याने पेटीजवळ जाऊच नये. आणि दारासमोर पुरुषभर उंचीचं कुंपण किंवा दाट झुडूप असू द्या. माश्या वर उडून जातात, मुलांच्या डोक्याच्या पातळीवरून नाही.

दूरदेशी

तपासणाऱ्याच्या तब्येतीबद्दलही कोणीतरी बोला. जाड पोशाख, बुरखा, हातमोजे घालून उन्हात उभं राहिलं की माश्यांआधी माणूसच कोलमडतो. आधी पोटभर पाणी पिऊन जा. कपाळाला घामपट्टी बांधा, कारण बुरख्याच्या आत डोळ्यात घाम उतरला की पुसता येत नाही आणि हातात नेमकी सगळ्यात जड फ्रेम असते.

ओसरीवरची

उघडली.

माश्यांनी झाकलेल्या फ्रेम जेमतेम तीन. कडेच्या दोन फ्रेमवर माश्या नाहीतच. त्यातल्या एकीत पांढरी जाळी, बोगदे आणि तेच काळे कण. मध वरच्या कडेला बोटभर पट्टा. बंद कोष आहेत, थोडे आणि विखुरलेले. अंडी दिसली नाहीत. लहान अळ्याही नाहीत. राणीघर नाही. माश्या चिडलेल्या नव्हत्या, पण धूर दिल्यावर एक प्रकारचा सलग गूंऽऽ आवाज आला आणि थांबेना. राणी गेली का?

माळरान

जाळीवाली फ्रेम लगेच बाहेर काढलीत ना? नसेल तर काढा, दुसरी रिकामीही काढा. वसाहतीने झाकता येतील तेवढ्याच फ्रेम आत ठेवायच्या, हा उन्हाळ्यातला पहिला नियम. मेणपतंगाला राखणदार नसलेलं पोळं हवं असतं. सातेरी स्वतःसुद्धा जुनं काळं पोळं कुरतडून खाली टाकते, आणि त्या भुशात किडा वाढतो. म्हणून तळपाट खरवडून साफ करा. जाळी लागलेलं पोळं वितळवून टाका. दुसरी फ्रेम चांगली असेल तर पिशवीत बांधून एक-दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-किडे मरतात.

उरलेल्या फ्रेम मधोमध एकत्र सरकवा. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं की ६ ते ९ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या तिथे पोळंही बांधत नाहीत आणि चिकटवतही नाहीत. सगळ्या हलत्या फ्रेमच्या पेट्या त्यावर उभ्या आहेत. फ्रेममध्ये अंतर वाढलं की मधे आडवंतिडवं पोळं येतं आणि पुढच्या वेळी काढताना फाटतं.

राणीबद्दल घाई नको. अंडी नसण्याचे दोन अर्थ होतात.

गुंजन_अ

हो. पराग आणि मकरंद आटला की राणी अंडी घालणं थांबवते किंवा फार कमी करते. तोंडं वाढवून खायला काय घालणार? अशी राणी बारीक होते आणि दिसतही नाही. दुसरा अर्थ, राणी खरंच नाही. तो सलग आवाज राणी नसलेल्या पेटीत येतो हे खरं, पण निव्वळ आवाजावर निकाल देऊ नये.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त सतावते. सातेरी सोडून जायचं ठरवते तेव्हा राणी अंडी बंद करते आणि वसाहत आतला बंद पिलावा निघेपर्यंत थांबते. शेवटचे कोष फुटले की सगळ्या एकदम उठतात, मागे रिकामं पोळं राहतं. सातेरीत कामकरी माशी अंड्यापासून १८ ते २० दिवसांत बाहेर येते. तुमच्याकडे आता फक्त बंद कोष उरलेत, म्हणजे हाताशी आठवडा-दीड आठवडा आहे.

तिन्ही शक्यतांवर एकच गोष्ट करता येते. डाव्या पेटीतली अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम, तिच्यावरच्या माश्या झटकून, उजवीच्या मधोमध द्या. राणी नसेल तर त्यांना तीन-चार दिवसांत त्या फ्रेमवर राणीघरं बांधायला घ्यावी लागतील. राणी असेल तर त्या नुसतं अळ्यांना भरवत राहतील. आणि पेटीत उघडा पिलावा असला की सातेरी सहजी जागा सोडत नाही. फ्रेम देताना डावीची राणी तिच्यावर नाही ना, एवढी खात्री मात्र करा.

पाना_पक्कड

म्हणजे डावी उघडावी लागणारच! "डावीला हात लावू नका" चं काय झालं?

माळरान

तेव्हा कारण नव्हतं, आता आहे. एकच फ्रेम काढायची आणि बंद करायचं.

आणि खायला घाला. साखर आणि पाणी समान वजनाने, गार करून. गूळ, काकवी नको, माश्यांना हगवण लागते. दुसरीकडचा मधही नको, त्यातून रोग येतात. संध्याकाळी, माश्या परतल्यावर, पेटीच्या आत द्या. वर काड्या तरंगवा. रात्रीत संपेल एवढंच. बाहेर थेंब सांडला तर पुसून, धुऊन टाका. सकाळी शेजारची डावी ताकदवान वसाहत वासावर आली तर उजवीला साफ करून जाईल. म्हणून उजवीचं दार एका वेळी दोन माश्या जातील एवढंच ठेवा. डावीचं पूर्ण उघडं राहू द्या.

ओसरीवरची

फ्रेम दिली. डावीतून काढायला वेळ लागला नाही. मधली दुसरीच फ्रेम अंड्यांनी भरलेली निघाली, राणी तिच्यावर नव्हती. पाक रोज संध्याकाळी देतेय, सकाळी वाटी कोरडी असते. दार लहान केलंय.

आज चौथ्या दिवशी फक्त ती एक फ्रेम उचलून पाहिली. राणीघर एकही नाही. अळ्यांभोवती पांढरं खाद्य दिसतंय. आणि शेजारच्या जुन्या फ्रेमवर, तिच्याकडे बघायचं ठरवलं नव्हतं पण ऊन नेमकं आत पडलं, तीन-चार पेशींत उभी अंडी!

गुंजन_अ

म्हणजे राणी आहे आणि पाकामुळे तिने पुन्हा अंडी धरली. दिलेली फ्रेम तिथेच राहू द्या, त्यातून निघणाऱ्या माश्या उजवीला लागणारच आहेत.

माळरान

पाक चालू ठेवा, पराग यायला लागला की कमी करत बंद करा. एकदम बंद केलात तर राणी पुन्हा थांबेल. दारालगत मुंग्या दिसल्या तर स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना ते बघा, उन्हाळ्यात त्या दोन दिवसांत कोरड्या पडतात. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने आजची तारीख आणि "अंडी, तीन फ्रेम" एवढं लिहून ठेवा. बाहेरून पराग नीट दिसत असेल तर दोन-तीन आठवडे झाकण उचलू नका.

मुंगळा

मेणपतंग लागलेलं पोळं वितळवायचं म्हणालात. ते मेण वाया जातं का?

माळरान

नाही. पाण्यात उकळून फडक्यातून गाळा, गार झालं की मेणाची वडी वर येते. नव्या फ्रेमला मेणपत्रा चिकटवायला उपयोगी पडेल. फक्त हे काम पेट्यांपासून लांब, दारं-खिडक्या लावून करा. नाहीतर वास लागून दोन्ही वसाहती तुमच्या स्वयंपाकघरात येतील.